यात्रेआधीचं रंगकाम

ऑगस्टचा शेवटचा आठवडा आला की आमच्या घरांत दोन कामं निघायची. भिंतींना चुना आणि माऊलीला रंग. श्रीरामपूर, राहुरी, राहाता, संगमनेर, नेवासे या पट्ट्यातल्या कॅथलिक घरांत साठ-सत्तरच्या दशकांत जे वाढले, त्यांना याहून जास्त काही सांगायला नको. हरेगावची यात्रा तोंडावर आलेली असायची. ८ सप्टेंबर हा पवित्र मरियेचा जन्मदिन. त्याच्या आगेमागे हरेगावला मतमाऊलीची यात्रा भरते, १९४९ पासून. त्याआधी नऊ दिवस नोव्हेना. पाहुणे येणार, मुंबई-पुण्याला नोकरीला गेलेले काका-मामा बायकामुलांसह उतरणार, आणि कोनाड्यातली माऊली काळवंडल्या तोंडाने त्यांचं स्वागत करणार? आमच्या आयांना हे खपायचं नाही.

हरेगाव म्हणजे साखरेचं गाव. बेलापूर कंपनीचा कारखाना सहकारी कारखानदारीच्या कितीतरी आधीचा. प्रवरेला विठ्ठलराव विख्यांनी कारखाना उभा केला तो १९५० साली. कंपनीच्या उसाच्या मळ्यांवर, पुढे शेती महामंडळाच्या मळ्यांवर राबणाऱ्यांत आमची पुष्कळ माणसं होती. पाटाचं पाणी, उसाची हिरवळ, चिखल, आणि या सगळ्याच्या मधोमध चर्च. यात्रेला येणाऱ्यांना कुणी जात-धर्म विचारत नसे. शेजारची माळीण मेणबत्ती लावून नारळ वाहून जायची आणि घरी गेल्यावर खंडोबाची तळीही उचलायची. तिला त्यात काही अडचण वाटत नव्हती, आम्हालाही नाही.

अडचण वाटायची ती आमच्या एका मावशीला. ती नगरला, अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतल्या घरात दिलेली. ही मिशन नगरात १८३१ पासूनची, आणि तिच्या चर्चमध्ये मूर्ती नाही, मेणबत्त्या नाहीत, नुसतं शास्त्र आणि गायन. मावशी आली की रंगाच्या डबीकडे बघून म्हणायची, “चाललं का तुमचं, देव रंगवायचं?” आजी शांतपणे उत्तर द्यायची, “देव नाही गं, आई आहे. आईच्या तोंडाला काळं लागलं तर पुसायचं नाही का?” एवढ्यावर ख्रिस्ती धर्मातला चारशे वर्षांचा वाद आमच्या ओट्यावर संपायचा आणि चहा व्हायचा.

या मूर्ती आमच्या घरांत फार जुन्या नव्हेत. पणज्या-खापरपणज्यांच्या काळी असलीच तर एखादी तसबीर असायची, बहुधा येशूच्या पवित्र हृदयाची. ते चित्रही दूरचं. रोमच्या जेझू चर्चसाठी बातोनीने अठराव्या शतकात काढलेल्या चित्राच्या छापील नकलांच्या नकला जगभर गेल्या, तशा गोदावरी-प्रवरेच्या काठीही आल्या. त्या आणल्या जर्मन येशूसंघीय फादरांनी. राहुरी तालुक्यातल्या केंदळहून फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली मासिक सुरू केलं तेही याच पवित्र हृदयाच्या नावाने. ‘निरोप्या’ म्हणून ते आजही निघतं. पहिल्या महायुद्धात हे जर्मन फादर ब्रिटिश सरकारच्या लेखी शत्रू ठरले, त्यांची धरपकड झाली आणि त्यांना हिंदुस्थान सोडावा लागला. तसबिरी मात्र भिंतीवर राहिल्या.

प्लास्टरच्या मूर्ती घराघरांत आल्या त्या हातात थोडा पगार खेळायला लागल्यावर. आमची माऊली वांद्र्याच्या मोतमाऊलीच्या जत्रेतून आली. निळा शेला, आत पांढरा झगा, डाव्या हातावर बाळ. बाबांनी ती गोधडीत गुंडाळून, रात्रभर मांडीवर धरून रेल्वेने आणली आणि श्रीरामपुरात उतरले. तिथल्या स्टेशनच्या पाटीवर तेव्हाही ‘बेलापूर’च लिहिलेलं. खुद्द वांद्र्याच्या माऊलीचीही मोडतोडीची कथा आहे: १७०० च्या सुमारास अरबी चाचे डोंगरीवर आले आणि हातातली सोनेरी वस्तू लुटण्यासाठी त्यांनी मूर्तीचा उजवा हात तोडला, असं तिथे सांगतात. त्यामुळे आमच्या माऊलीचं बोट पुढे तुटलं तेव्हा आजीला त्याचं फार वाटलं नाही. “वांद्र्याचीच ती. तिथंबी हात तुटला होता.”

कोनाडा म्हणाल तर मूर्तीसाठी त्याहून वाईट जागा नाही. आमची घरं मातीच्या भिंतींची, वर धाबं. पावसाळ्यात भिंत खालून पाणी ओढायची आणि कोनाड्याच्या तळाला कायम ओल. समोर मेणबत्ती, संध्याकाळी माळेच्या वेळी उदबत्ती, शेजारी रॉकेलची चिमणी, पलीकडे चूल. वर्षभरात माऊलीच्या नाकाखाली आणि बाळाच्या हनुवटीला काजळी धरायची. नाताळानंतर कुणी बघायचं नाही, पण ऑगस्टात आई उजेडात आणून ठेवायची आणि कपाळावर हात मारायची.

मग रंग. तो विकत आणला जात नव्हता, ही या गोष्टीतली मुख्य बाब. घरात जो उरलेला असेल तो. डबा उघडायला स्क्रू-ड्रायव्हर, वर जमलेली साय काढून टाकायची, थोडं रॉकेल घालून ढवळायचं. डब्यावर ब्रश हातात धरलेला, केस कपाळावर आलेला गट्टू, आर. के. लक्ष्मणांनी १९५४ साली काढलेला तो पोरगा आमच्या पिढीला जवळजवळ भावंडासारखा. दार रंगवून उरलेला निळा शेल्याला, पाळण्याचा पांढरा झग्याला, सायकलच्या मडगार्डाचा चंदेरी मुकुटाला. चेहऱ्यासाठी पांढऱ्यात चिमूटभर लाल आणि जरासा पिवळा मिसळून बशीत घोटायचा. ते गणित आईला बरोबर जमायचं, पण दर वर्षी छटा वेगळी निघायची. एका वर्षी माऊली गोरीपान, दुसऱ्या वर्षी आमच्यासारखी. आजीला दुसरी जास्त आवडली होती.

डोळे मात्र आईने कधी केले नाहीत. “त्याला हात लागतो,” म्हणायची. त्यासाठी पेंटरला बोलावणं जायचं. गावात पाट्या रंगवणारा, निवडणुकीत भिंती रंगवणारा, पोळ्याला बैलांची शिंगं रंगवणारा माणूस हाच. गणपतीच्या आधी नगरच्या कारखान्यांत आखणीला जायचा. नगरच्या गणपतींना मागणी मोठी, आणि डोळ्यांची आखणी हे तिथलं सगळ्यांत मानाचं काम. चतुर्थी आटोपली, किंवा मधे एखादा दिवस सवड मिळाली, की तो आमच्या ओट्यावर येऊन बसायचा. तीनचार केसांची कुंचली, श्वास रोखलेला, करंगळी मूर्तीच्या गालाला टेकवून एका फटक्यात पापणी. आम्ही पोरं भोवती गोल करून बसायचो आणि शिंकायलाही घाबरायचो. पण हात गणपतीला सरावलेला. एका वर्षी माऊलीचे डोळे झाले टपोरे, कडा लांबवलेले. आजीने मूर्ती हातात घेऊन निरखली.

“भाऊ, डोळे मोठे झाले रं.”

“आजी, तुम्हाला चष्म्याबिगर दिसावं म्हणून केलेत.”

आजी हसली आणि त्याला पाच रुपये जास्तीचे दिले. तेच डोळे पुढे कितीतरी वर्षं राहिले.

शेजारी त्याच दिवशी त्याच कुंचलीने साईबाबाही रंगून व्हायचे. शिर्डी याच जिल्ह्यातली. बाळाजी तालमांनी घडवलेली संगमरवरी मूर्ती १९५४ च्या दसऱ्याला समाधिमंदिरात बसली आणि ती बैठक, तो गुडघ्यावर टाकलेला पाय, प्लास्टरमध्ये ओतून घरोघर गेला. बाबांचा पाय आणि माऊलीचा हात, तुटायच्या जागा ठरलेल्या. साच्यातून निघालेल्या मूर्तीत जो अवयव बाहेर डोकावतो तो आधी जातो.

२०१२ साली स्पेनमधल्या बोर्हा गावात एका ऐंशीच्या घरातल्या बाईंनी चर्चच्या भिंतीवरचं येशूचं जुनं चित्र आपल्या हाताने दुरुस्त केलं आणि ते असं काही झालं की सगळं जग पोट धरून हसलं. आमच्या घरात ते चित्र मोबाइलवर फिरलं तेव्हा थोरली बहीण म्हणाली, “आपल्या आईनं दर वर्षी हेच केलंय, फक्त बातमी झाली नाही.” हसू आलं, पण त्या परदेशी बाईंबद्दल मला माया वाटली ती तेव्हापासून. देवळाची वस्तू खराब होते आहे आणि घरात ब्रश आहे, एवढं कारण तिला पुरेसं होतं.

आई गेल्यावर घराची वाटणी झाली आणि माऊली थोरल्या बहिणीकडे आली. तोवर धाब्याच्या जागी स्लॅब आला होता, कोनाड्याच्या जागी शोकेस. मूर्ती हातात घेतली तर वजन वाढल्यासारखं वाटे. नाक बोथट झालं होतं, बाळाची बोटं एकमेकांत मिसळून गेली होती, शेल्याच्या चुण्या भरून सपाट झाल्या होत्या. तळाशी रंगाचा पापुद्रा सुटून खालून पांढरी भुकटी गळत होती. भाच्याचं म्हणणं पडलं, नवी घेऊ. ऑनलाइन फायबरची मिळते, धुता येते. बहिणीने ऐकलं नाही. ओळखीतल्या एका मूर्तिकाराकडे, गणपतीच्या कारखान्यात उमेद घालवलेल्या माणसाकडे, आम्ही ती घेऊन गेलो.

त्याने आधी काहीच केलं नाही. बोटाच्या पेराने मूर्ती सगळीकडून वाजवली. जिथे ठण्ण आवाज आला ती जागा सोडली, जिथे बद्द आला तिथे पेन्सिलने गोल केला. मग तळ बघितला. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे भाजलेलं जिप्सम. दीडशे अंशांच्या आसपास तापवलं की त्यातलं तीन चतुर्थांश पाणी उडून जातं. भुकटीत पुन्हा पाणी घातलं की ती परत जिप्सम होऊन घट्ट बसते. पण हा दगड नव्हे, तो पाण्यात थोडाथोडा विरघळतो, लिटरमागे दोन-अडीच ग्रॅम. म्हणून मूर्ती धुवायची नसते. आणि वर ऑइलपेंटचे थर चढवले की आत शिरलेली ओल बाहेर पडत नाही. ती रंगाच्या मागे साठते, प्लास्टर सडवते आणि शेवटी रंगालाच ढकलून बाहेर काढते. “तुमच्या आईनं कोट नसते मारले तर ही मूर्ती काळी झाली असती,” तो म्हणाला, “पण टणक राहिली असती.” बोलण्यात दोष देण्याचा सूर नव्हता.

मग पाठीमागे, पायथ्याशी, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे त्याने ब्लेडने रंगाचा बोटभर पट्टा तिरका तासला. वर फिका आकाशी: तो स्लॅबच्या घराच्या खिडक्यांचा, आम्ही तिघांनीही लगेच ओळखला. त्याखाली गडद निळा, मधल्या दाराचा. त्याखाली मोरपंखी, हा कशाचा यावर बहीण आणि मी अर्धा तास भांडलो. शेवटी आठवलं, बाबांना नोकरीत बढती मिळाली त्या वर्षी लोखंडी कपाट आणलं होतं, त्याला पोचे आले म्हणून रंग दिला होता तो. मग एक मळकट पांढरा, कोणता ते कुणालाच सांगता आलं नाही. आणि सगळ्यांत तळाशी, प्लास्टरला चिकटून, एक मऊ, चमक नसलेला, खडूसारखा निळा. वांद्र्याचा. तो मी कधी पाहिलाच नव्हता. माझ्या जन्माआधीच झाकला गेला होता.

“मूळ रंगापर्यंत नेऊ का?” त्याने विचारलं.

इथे आमचं एकमत होईना. बहीण म्हणाली, न्या. वणीच्या सप्तशृंगीचं २०२२ साली शेंदराचं कवच काढलं तेव्हा खालचं रूप बघून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं आहे. पण वणीची मूर्ती कातळातली, तिच्या खालच्या रूपात काही शतकांची कला होती. आमची माऊली साच्यातली. तिच्यासारख्या शेकडो निघाल्या असतील. आणि ‘मूळ’ म्हणजे तरी काय? लुर्ड्सच्या गुहेत बसवलेली, जगभर जिच्या प्लास्टरच्या प्रतिकृती गेल्या ती मूर्ती फाबिश नावाच्या शिल्पकाराने १८६४ साली घडवली, तेव्हा जिला १८५८ साली दर्शन झालं त्या बर्नादेतला ती पसंत पडली नव्हती. आपण पाहिली ती अशी नव्हती, असं तिचं म्हणणं. म्हणजे पहिल्या मूर्तीवरच तक्रार. प्लास्टरच्या मूर्तीत एकमेव अशी गोष्ट कोणती असेल तर ती त्या घराने तिच्यावर चढवलेला रंग. साचा कारखान्याचा होता, थर आमचे होते.

शेवटी तोडगा असा निघाला. चेहरा, हात आणि बाळ एवढं उघडायचं, कारण तिथले थर नाकडोळे गिळून बसले होते. शेला आणि झगा यांवरचा सुटलेला रंग काढायचा, घट्ट बसलेला ठेवायचा. पाठीमागचा तो तासलेला पट्टा तसाच सोडायचा.

चेहऱ्याला सगळ्यांत जास्त वेळ लागला. रंग काढायचं जेल कापसाच्या बोळ्याने लावायचं, मऊ झालेला थर बांबूच्या काडीने उचलायचा, लोखंडाची वस्तू चेहऱ्याजवळ आणायची नाही. एकेक थर निघाला तसे ते टपोरे डोळेही गेले. त्यांच्याखाली बारीक, खाली झुकलेले, बाळाकडे बघणारे डोळे निघाले. म्हणजे इतकी वर्षं माऊली आमच्याकडे बघत होती ती पेंटरच्या कृपेने. मुळात ती आपल्या लेकराकडेच बघत होती. बहिणीला हे रूप फार आवडलं. मला आजीची आठवण झाली आणि वाटलं, तिला आवडलं नसतं.

तुटलेल्या बोटाच्या जागी आतून काथ्याचे दोन धागे डोकावत होते, प्लास्टरला बळकटी यावी म्हणून ओततानाच घातलेले. तिथे बारीक भोक पाडून पितळेची तार बसवली. लोखंडाची नाही, लोखंड गंजतं, फुगतं आणि आतून मूर्ती फोडतं. नवं प्लास्टर लावण्याआधी जुनी कड कुंचल्याने ओली केली. हे न करता लावलं तर कोरडं जुनं प्लास्टर नव्यातलं पाणी शोषून घेतं आणि जोड भुसभुशीत होतो. बोट आधी जरा जाडच ठेवलं, वाळल्यावर कोरलं. मग चपडीचा पातळ हात, त्यावर खडूची भुकटी आणि सरस यांचा लेप, आणि मग पाण्यातला, चमक नसलेला रंग. मुकुटाचा चंदेरी खरवडल्यावर काळपट हिरवी पूड निघाली. ती जुन्या सोनेरी पावडरीची. पितळ-तांब्याची ती पावडर हवेने अशीच होते. तिथे त्याने थोडा खरा वर्ख लावला. मजुरीत तो धरला नाही, हे नंतर कळलं.

आमच्या पिढीला एक गोष्ट कुणी शिकवली नव्हती आणि तरी सगळ्यांना ठाऊक होती: आशीर्वादित मूर्ती कचऱ्यात टाकायची नाही. हिंदू शेजारी खंडित मूर्ती पूजेत ठेवत नाहीत, नदीत सोडतात. आमच्याकडे ती दुरुस्त करतात, आणि दुरुस्त होण्यापलीकडे गेली तर फोडून स्वच्छ जागी पुरतात. आमच्या जुन्या परसात, पेरूच्या झाडाखाली, एक संत अंतोनी असाच पुरलेला आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६५ च्या पुढे, मिस्सा मराठीत झाली, वेदी लोकांकडे वळली आणि कित्येक चर्चमधल्या जुन्या मूर्ती मागच्या खोलीत गेल्या. त्यांतला तो, आजोबा मागून घेऊन आले होते. उंदरांनी आणि ओलीने त्याचं काही ठेवलं नाही. पुरताना आजीने माळ म्हटली होती. तो आज असता तर वाचला असता, याबद्दल मला शंका नाही. तेव्हा पितळेची तार आणि चपडी कुणाला माहीत होती?

आता यात्रेला लाखभर माणसं लोटतात, रस्ते बंद करावे लागतात. १९८७ साली नाशिकचा धर्मप्रांत वेगळा झाला तेव्हापासून हरेगाव त्यात आहे. यात्रेतल्या दुकानांत प्लास्टर कमी होत चाललं, फायबर आणि रेझिन वाढलं. त्या मूर्ती पडल्या तरी फुटत नाहीत, रंग उडत नाही, ऑगस्टात ओट्यावर आणाव्या लागत नाहीत. चांगल्या आहेत. पण त्यांच्यावर कुणी घराचा निळा रंग चढवणार नाही.

तुमच्या घरी अशी जुनी प्लास्टरची माऊली, संत जोसेफ किंवा बाळ येशू असेल तर यंदा यात्रेच्या आधी एवढं करा. मूर्ती भिंतीपासून चार बोटं पुढे घ्या आणि खाली लाकडाची फळी ठेवा. धुऊ नका, ओल्या फडक्याने पुसू नका. मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढा. मेणबत्ती हातभर लांब लावा. तुटलेला तुकडा सापडला तर टाकू नका, कागदात गुंडाळून तारीख लिहून ठेवा. आणि घरात दाराचा रंग उरला असेल तर तो दारालाच लावा.